गाडी बंद पडली, की तुम्ही बंद केली?

सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होते. घाट चढते, सपाटीला ऐंशीनं पळते; मिसिंग नाही, धूर नाही. मग चहासाठी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि परत येऊन चावी फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे, बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारायचा. तासाभरानं हीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की मेस्त्रींच्या देखत दहा वेळा सुरू होऊन दाखवते. मालक खोटा पडतो.

जुनी फियाट, अँबॅसिडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० बाळगलेल्या कुणालाही हे नवं नाही. खंबाटकी, कुंभार्ली, आंबोली, कसारा या घाटांच्या माथ्यावरच्या टपऱ्यांनी अशा किती गाड्यांना थारा दिला असेल! माझं मत विचाराल तर या एका तक्रारीपायी जितके चांगले, धडधाकट पार्ट भंगारात गेले तितके दुसऱ्या कशापायी गेले नसतील. कारण बिघाड दिसतो तेव्हा मेस्त्री जवळ नसतो आणि मेस्त्री जवळ असतो तेव्हा बिघाड नसतो. मधल्या पोकळीत मग अंदाज शिरतो. अंदाजानं कॉइल बदलली जाते, मग प्लग, मग पेट्रोल पंप, मग बॅटरी.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फाउंड्र्या आणि लेथच्या गर्दीत, एका गल्लीच्या टोकाला साठी ओलांडलेल्या एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. गडहिंग्लजकडचे एक निवृत्त शिक्षक आपली प्रीमियर पद्मिनी घेऊन तिथे आले, तेव्हा वरची सगळी यादी बदलून झाली होती. पावत्यांची पिशवी सोबत होती. मेस्त्रींनी पिशवीकडे पाहिलं नाही, बॉनेटलाही हात लावला नाही.

"सर, गाडी बंद पडती, का तुम्ही बंद करता आन् मग सुरू हुईत न्हाई?"

"मीच बंद करतो. चालताना कधी बंद पडली नाही."

"लगीच सुरू क्येली तर?"

"होते. पाचेक मिनिटांत आलो तरी होते. वीस मिनिटांनी मात्र नाही. तासाभरानं परत होते."

"त्या टायमाला पेट्रोलचा वास येतोय?"

सर जरा थांबले. "येतो खरा."

"मग कॉइल कशापायी बदलली?"

निम्मा तपास इथेच झाला. चालती गाडी तापून आपोआप बंद पडते तेव्हा संशय आधी करंटवर जातो, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, नव्या गाडीत सेन्सर. पण गाडी आपण बंद केली, लगेच सुरू केली तर होते, वीस मिनिटांनी होत नाही, असं असेल तर घोळ बहुतेक वेळा पेट्रोलचा असतो. यामागचं कारण अनेक वर्षं गाडी चालवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, इंजिन बंद केलं की ते गार व्हायला लागतं. ब्लॉक गार व्हायला लागतो हे खरं. पण त्याच्या अंगाखांद्यावरचे भाग पहिली पंधरा-वीस मिनिटं उलट तापत जातात. गाडी चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा वारा घालत असतो, टाकीतून ताजं पेट्रोल येत असतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता शोषून घेते, त्यामुळे धावत्या गाडीचा कार्ब्युरेटर बऱ्यापैकी थंड असतो. चावी बंद केली की हे सगळं एका क्षणात थांबतं. तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची आणि हेडची धग वर चढते आणि बंद बॉनेटखाली कोंडते.

त्यात पेट्रोल हा काही एकजिनसी पदार्थ नाही. पाणी जसं समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, तसा पेट्रोलचा एकच एक उत्कलनबिंदू नसतो. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासून उडायला लागतात, सगळ्यात जड घटक २०० अंशांच्या आसपास. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४५ अंशांवर जातं, तिथे बॉनेटखाली काय होत असेल याचा हिशेब करायला नको.

मेस्त्रींनी सरांना गोकुळ शिरगावपर्यंत एक फेरी मारून यायला सांगितलं. परत आल्यावर गाडी बंद केली, एअर क्लीनर उतरवला, आणि पोऱ्याला टॉर्च धरायला लावून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत बसले. सुरुवातीला काही नव्हतं. मग फ्लोटच्या डबीतून बारीक गुडगुड ऐकू यायला लागली. थोड्या वेळानं मधल्या नळीच्या टोकाशी पेट्रोलचा एक थेंब फुगला, थरथरला आणि खाली पडला. मग दुसरा. मग एक बारीकशी धारच लागली. इंजिन पूर्ण बंद आणि आत पेट्रोल ठिबकतंय. डबीतलं पेट्रोल उकळून नळीवाटे उतू जात होतं आणि मॅनिफोल्डमध्ये साचत होतं. अशा वेळी सेल्फ मारला की प्लग भिजतात. मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. तासाभरात साचलेलं पेट्रोल उडून जातं, म्हणून गाडी आपोआप बरी होते.

पण ते का उकळावं? हीच गाडी पंधरा वर्षं विनातक्रार चालली होती. मेस्त्रींनी कार्ब्युरेटरच्या बुडाचे नट सोडवले आणि तो उचलून बाजूला ठेवला. खाली कागदी पॅकिंगची एक पातळ चकती, बाकी काही नाही. तिथे बेकलाइटची जाड चकती असायला हवी. तिचं काम एकच, मॅनिफोल्डची धग कार्ब्युरेटरला लागू न देणं. कुठल्याशा ओव्हरऑइलिंगमध्ये ती तडकली असेल किंवा हरवली असेल, आणि कुणीतरी "कागद चालतोय की" म्हणून कागद लावला असेल. मेस्त्रींनी जुन्या कार्ब्युरेटरांच्या डब्यातून एक चकती शोधून काढली, निडल व्हॉल्वच्या खाली एक वॉशर जास्तीचा टाकून डबीतली पेट्रोलची पातळी थोडी उतरवली, आणि काम संपलं. पिशवीतल्या पावत्यांची बेरीज सरांनी केली नसावी. केली तरी सांगितली नाही.

अशा भिजलेल्या इंजिनाला रस्त्यावर सुरू करायची रीत जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असते: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, तसाच धरून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. पुन्हा पुन्हा पाय मारायचा नाही, कारण प्रत्येक वेळी पाय मारला की कार्ब्युरेटरचा छोटा पंप आणखी एक पिचकारी आत सोडतो. चोकला तर हातही लावायचा नाही. उघड्या थ्रॉटलमधून भरपूर हवा शिरते, दाट मिश्रण पातळ होतं, इंजिन दोन-चार वेळा खोकतं आणि काळा धूर सोडून उठतं. असं उठलं तर निदानही तिथेच झालं म्हणून समजा.

आता यातली खरी गंमत. याच्या अगदी उलट बिघाडाचं लक्षणही हेच असतं. वर पेट्रोल जास्त झालं होतं. दुसऱ्या प्रकारात ते पोचतच नाही. याला आपल्याकडचे ड्रायव्हर 'हवा धरली' म्हणतात. खरं तर ती हवा नसते, पेट्रोलचीच वाफ असते. जुन्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्टनं बसवलेला असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्यानं त्याचा पडदा वर-खाली होतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. इथे 'ओढून' हे महत्त्वाचं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, हे घरोघरी माहीत आहे. ओढण्याच्या बाजूला याच्या नेमकं उलट होतं. नळीतला दाब कमी होतो, म्हणून पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपात वाफ भरली की पडदा वाफच दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पडदा जुना झालेला असेल किंवा नळी सायलेन्सरजवळून गेलेली असेल तर हे लवकर होतं. शिवाय हा प्रकार गाडी चालू असतानाही होऊ शकतो, विशेषतः घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना, जेव्हा इंजिन भरपूर तापतं आणि वारा मात्र मिळत नाही. म्हणजे मेस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाला हा एक अपवाद.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडे यावर औषध होतं. ओला फडका. पंपावर आणि नळीवर ओला फडका गुंडाळायचा, दहा मिनिटं थांबायचं, सेल्फ मारायचा. त्यांची गाडी म्हणजे पद्मिनीच. कुर्ल्याला बनणाऱ्या या गाडीनं शहराची अनेक दशकं वाहिली. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, १९७२ मध्ये तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी पद्मिनी उरली नाही. तिच्याबरोबर फडक्याची ती विद्याही गेली. तो फडका म्हणजे दुरुस्ती नव्हे, हेही खरं. पण निदान म्हणून तो चोख होता. पंपावर ओला फडका ठेवून गाडी सुरू झाली तर दोष पंपाच्या किंवा नळीच्या वाफेचा, कॉइलचा नाही. एवढं कळलं तरी पाचशे-हजार रुपये वाचतात.

तोच फडका कॉइलवर ठेवला तर? तेही करून बघतात. कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. सत्तर अंश तापमान वाढलं तर रोध पाव हिश्शाहून जास्त वाढतो आणि त्या मानानं करंट कमी होतो. चांगली कॉइल हे सहज सोसते. जिच्या आतलं इन्सुलेशन तडकलं आहे तिची ठिणगी तापल्यावर आतल्या आतच कुठेतरी मुरते. तपासायची रीत सोपी आहे: कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढायची, इन्सुलेटेड पकडीनं धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी पडली, किंवा पडलीच नाही, तर पेट्रोलचा विचार बाजूला ठेवून इथे लक्ष घालायचं. हे करताना आसपास सांडलेलं पेट्रोल नसावं हे सांगायला नको, तरी सांगतो. आणि बाटलीतून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याचा जो प्रकार रस्त्यावर सर्रास चालतो, त्यानं गाड्या पेटल्या आहेत.

कंडेन्सर हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. तापल्यावर तो गळायला लागला की पॉइंटवर ठिणग्या उडतात, पॉइंट जळून खडबडीत होतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नये, कंडेन्सर बदलावा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं त्या गाड्यांत हाच खेळ मॉड्यूल करतं. काही वायरमन यासाठी घरातला हेअर ड्रायर वापरतात. थंड इंजिन चालू ठेवून एकट्या मॉड्यूलवर गरम वारा सोडायचा. इंजिन दचकून बंद पडलं तर चोर सापडला. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती बिघाडाची वाट बघत बसत नाही.

चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतच नसेल, नुसता 'टक' आवाज येत असेल, तर वरचं सगळं गैरलागू. तापलेल्या सायलेन्सरशेजारी बसलेल्या सेल्फच्या आतला रोध वाढलेला असतो आणि बॅटरीच्या जुन्या, गंजलेल्या वायरी त्याला पुरेसा करंट देत नाहीत. सेल्फ बदलण्याआधी इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी काढून, घासून, घट्ट बसवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

डिझेल गाड्यांमध्ये हीच तक्रार वेगळ्या वाटेनं येते. तिथे ना ठिणगी, ना वाफेचा प्रश्न. जुन्या जीपमधल्या फिरत्या पंपाचे आतले भाग झिजले की थंड, दाट डिझेल त्या फटींतून फारसं निसटत नाही आणि सकाळी गाडी बिनबोभाट उठते. तापलेलं डिझेल पातळ होतं, फटींतून निसटतं आणि सेल्फच्या संथ गतीला नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. धक्का मारला, वेग मिळाला, की लगेच सुरू! पंप-नोझलचं काम करणाऱ्यांची परीक्षा ठरलेली आहे. अडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळा; पंप गार झाल्यावर गाडी सुरू झाली तर पंप उघडायची वेळ आली. काही जण थेट बादलीभर गार पाणी ओततात. तसं करू नये. बाहेरचं कवच आकसतं, आतला रोटर गरमच राहतो आणि पंप जाम होतो.

कोल्हापूरच्या त्या गॅरेजात बसलेलं असताना इथेनॉलचा विषय निघणं अपरिहार्यच. जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात आणि जिल्ह्यातल्या जुन्या गाड्या ते पितात. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांच्या मिश्रणाची विक्री सुरू झाली. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पेट्रोलच्या हलक्या घटकांपेक्षा किती तरी उशिरा. तरीही ते थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब घटण्याऐवजी वाढतो. दोन्हींचे रेणू एकमेकांना धड धरून ठेवत नाहीत. अंतिम मिश्रणाच्या बाष्पदाबाला मानकांची मर्यादा असते, त्यामुळे सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारणं बरोबर नाही. जुन्या गाड्यांना खरा फटका बसतो तो रबराला. पंपाचा पडदा, नळ्या, निडलची टोकं हे सगळं ज्या काळात बनलं त्या काळात या मिश्रणाचा विचार नव्हता. पडदा फुगला, मऊ झाला की पंपाची ओढ कमी होते आणि मग वाफ जिंकते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी चालवणाऱ्यानं नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत, हे मला सरळ सांगावंसं वाटतं. सरकारनं सांगायला हवं होतं, इतक्या ठळकपणे सांगितलं नाही.

आता इंजेक्शनवाल्या गाड्याही 'जुन्या' झाल्या. दोन हजार सालच्या आसपास कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय आलं. पंप टाकीत गेला, तो ढकलायला लागला, नळीत दाब राहायला लागला, त्यामुळे वाफेचा प्रश्न जवळपास सुटला. जवळपास म्हणायचं कारण, बंद गाडीत तो दाब टिकला नाही, एखादा इंजेक्टर गळायला लागला, तर तीच कथा पुन्हा सुरू होते. पण या गाड्यांतला नेहमीचा गुन्हेगार दुसराच, क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारी ही एवढीशी कॉइल तापली की तिच्या आतली तार कुठेतरी तुटते आणि गार झाली की परत जुळते. कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन फिरतच नाही. मग तो ना ठिणगी देतो, ना पेट्रोल. सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा जराही हलत नसेल तर या सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. पुष्कळ गाड्यांत ही खूण कामी येते. दुसरा संशयित पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. २० अंशांना त्याचा रोध दोन-तीन हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो बिघडून कायम 'थंड आहे' असं सांगत राहिला तर कॉम्प्युटर तापलेल्या इंजिनाला थंड इंजिनाचा पेट्रोलचा रतीब घालतो आणि प्लग भिजतात. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डखालच्या रिलेचं सोल्डर तडकलेलं असेल, तर टाकीतल्या पंपाला करंटच मिळत नाही. चावी ऑन केल्यावर मागून जो एक-दोन सेकंद 'ऊंऽऽ' असा आवाज यायला हवा तो येत नाही. तो आवाज ऐकायला यंत्र लागत नाही, रेडिओ बंद करावा लागतो.

स्कॅनर लावला की सगळं कळतं, हा आजकालचा समज. गार झालेल्या गाडीला स्कॅनर लावला तर तो पुष्कळदा 'नो फॉल्ट' दाखवतो, आणि तरुण मेकॅनिक तो कागद मालकाच्या हातात देऊन मोकळा होतो. यात त्या पोराचा दोष मी फारसा धरत नाही. गॅरेजचं भाडं, रोजचं टार्गेट, पार्टवर मिळणारं कमिशन. गाडी तापवून, बंद करून, वीस मिनिटं तिच्या तोंडात बघत बसण्याचे पैसे त्याला कोण देणार? उद्यमनगरच्या मेस्त्रींनी त्या बसण्याचे पैसे लावले नाहीत. लावायला हवे होते. आपण पार्टची पावती बिनतक्रार भरतो आणि तपासाची मजुरी मात्र घासाघीस करून कमी करायला बघतो. मग बदलले जातात ते पार्टच.

म्हणून तुमच्याकडे अशी गाडी असेल तर चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. ती चालताना बंद पडली, की तुम्ही बंद केली? बंद केल्यावर किती मिनिटांनी अडते आणि किती मिनिटांनी सुटते? सेल्फ जोरात फिरतो, हळू फिरतो, की फिरतच नाही? पेट्रोलचा वास येतो का? आणि पुढच्या वेळी ती अडली की टोइंग करून गॅरेजला नेऊ नका. तिथे पोचेपर्यंत ती गार होईल आणि सुरू होईल. मेस्त्रींनाच जागेवर बोलवा, येण्या-जाण्याचे पैसे वेगळे द्या. ते येईपर्यंत सेल्फ मारू नका आणि बॉनेट बंदच ठेवा.